हिऱ्याच्या जाहिरातीत वजनाबरोबर कटही छापावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हिऱ्यांच्या दागिन्यांच्या जाहिरातींत वजन सर्वांत ठळक अक्षरांत असते आणि हिरा कसा घडवला आहे, म्हणजे त्याचा कट, याविषयी बहुधा एक शब्दही नसतो. त्यामुळे ग्राहकाचा पहिला प्रश्न ‘किती कॅरेटचा?’ हाच असतो. कॅरेट हे निव्वळ वजन आहे; एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. कट, रंग, शुद्धता आणि वजन या चार कसोट्यांपैकी हिऱ्याचे तेज मुख्यतः कटवर अवलंबून असते, आणि नेमकी तीच ग्राहकापुढे सर्वांत शेवटी येते, हे मला अत्यंत खटकते.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, सुमारे २.४२ इतका मोठा असल्याने आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवरून पूर्णपणे परावर्तित होऊन वरच्या बाजूने बाहेर पडू शकतो. मात्र त्यासाठी पैलूंचे कोन अचूक असावे लागतात. हिरे घडवणाऱ्या घराण्यातील अभियंता मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गोल ब्रिलियंट (नेहमीच्या गोल, अनेक पैलूंच्या) हिऱ्यासाठी गणिताने काढलेला खालच्या पैलूंचा कोन ४०.७५ अंश होता आणि आजचे उत्तम कटही त्याच्या जवळपासच असतात. खालचा भाग उथळ राहिला तर प्रकाश तळातून निसटतो व खडा निस्तेज दिसतो; फार खोल झाला तर मधोमध काळोखी येते. तरीही असे खडे घडवले जातात, कारण पैलू पाडताना कच्च्या हिऱ्याचे निम्मे किंवा त्याहूनही अधिक वजन झिजून जाते, आणि एक कॅरेटचा टप्पा गाठताच प्रतिकॅरेट दर एकदम चढत असल्याने कारागिराला वजन राखण्याचा मोह होतो. एक कॅरेटचे दोन गोल हिरे शेजारी ठेवून वरून पाहिले, तर नीट घडवलेल्याचा व्यास साधारण ६.५ मिलिमीटर भरतो, तर खोल पोटाचा आणि जाड कडेचा खडा जेमतेम सहाच्या घरात राहतो. म्हणजे कोंदणात दडून राहणाऱ्या वजनाचेही पैसे ग्राहक मोजतो! चांगल्या कटचा ०.९५ कॅरेटचा हिरा या खोल खड्यापेक्षा मोठाही दिसेल आणि अधिक चमकेलही. हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) या संस्थेने २००६ मध्ये कटची श्रेणी देणे सुरू केले ते गोल ब्रिलियंट हिऱ्यांपुरते. अंडाकृती किंवा थेंबाच्या आकाराचा हिरा घेताना मध्यावर काळा पट्टा दिसत नाही ना, हे स्वतः खडा हलवून पाहावे.

शुद्धतेची श्रेणी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ठरवतात. व्हीव्हीएस (अतिशय सूक्ष्म दोष) आणि व्हीएस (सूक्ष्म दोष) या श्रेणींतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि तरी त्यासाठी बरीच जास्त किंमत मोजली जाते. त्याखालच्या एसआय श्रेणीत मात्र डाग कोठे आहे हे महत्त्वाचे. कडेचा डाग कोंदणाच्या नखाखाली झाकला जातो, मधोमध असलेला काळा ठिपका झाकला जात नाही. रंगाची मोजणी डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर) अशी असते. पिवळ्या सोन्यात बसवायच्या हिऱ्यासाठी डी रंगाचा हट्ट धरण्याचे कारण मला दिसत नाही, कारण धातूचीच झाक खड्यात उतरते. दुकानातील प्रखर दिव्यांखाली सगळेच हिरे लखलखतात, म्हणून खडा खिडकीजवळच्या साध्या उजेडातही पाहावा.

‘एकूण एक कॅरेट’ या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक बारीक हिरे मिळून भरलेले एक कॅरेट आणि एकाच खड्याचे एक कॅरेट यांच्या किमतीत मोठे अंतर असते, कारण खडा जितका मोठा तितका तो दुर्मीळ आणि त्याचा प्रतिकॅरेट दरही तितका चढा.

प्रमाणपत्र शक्यतो सुट्या हिऱ्याचे असावे. जडवलेल्या खड्याचे वजन अंदाजानेच सांगावे लागते आणि रंगही निश्चित कळत नाही. कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक असल्यास तो भिंगातून प्रमाणपत्राशी ताडून घ्यावा. प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा खोटा नसतो, तोही कार्बनचाच स्फटिक असतो; पण नैसर्गिक हिऱ्याच्या तुलनेत त्याची किंमत बरीच कमी असते आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ते लेखी सांगणे ही विक्रेत्याचीच जबाबदारी आहे. भेगेत काच भरलेल्या हिऱ्याबाबतही तेच. दागिना दुरुस्त करताना ज्योतीच्या उष्णतेने ती भर खराब होऊ शकते.

विक्रेत्यांनी जाहिरातीत वजनाशेजारी कटची श्रेणी आणि मिलिमीटरमधील माप छापावे, तसेच मुख्य खड्याचे वजन, बारीक खड्यांचे वजन, हिऱ्याचा उगम (नैसर्गिक की प्रयोगशाळेतील) आणि त्यावर झालेली प्रक्रिया बिलावर स्वतंत्रपणे लिहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रानेही अशा जाहिराती स्वीकारताना या तपशिलांची मागणी करावी.

आपला नम्र,
एक वाचक