एक किलोच्या पाकिटाला टॅक्स, तीस किलोच्या कट्ट्याला माफ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीएसटीचे दर 22 सप्टेंबर 2025 पासून बदलले तेव्हा सगळ्याच पेपरांनी पहिल्या पानावर याद्या छापल्या, काय स्वस्त काय महाग, आणि बऱ्याच गोष्टी खरंच स्वस्त झाल्या, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बिस्किटं, फरसाण, टूथपेस्ट, शाम्पू, अंगाचा साबण सगळं 5 टक्क्यांत आलं, 12 आणि 28 चे टप्पेच गेले. आमचं कराडला किराणा दुकान आहे, बिलं आणि रिटर्नची कागदपत्रं मी बघते, त्यामुळे काम किती हलकं झालं ते मला माहीत आहे. पण एक गोष्ट त्या बदलात जशीच्या तशी राहिली, तिच्यावर कुणी बोलेना म्हणून हे पत्र.

ती गोष्ट म्हणजे पाकिटातलं धान्य. तांदूळ, गहू, डाळी, कणीक, रवा, बेसन, पोहे, कुरमुरे, गूळ हे सुटं घेतलं तर जीएसटी शून्य. तेच वजन घालून, लेबल लावून पाकिटात भरलं की 5 टक्के. हा नियम 18 जुलै 2022 पासून आहे. त्यातही एक हद्द आहे, पाकीट 25 किलोपर्यंतचं असेल तरच टॅक्स, त्याच्या वर एकाच पोत्यात असेल तर नाही. म्हणजे 30 किलोचा कट्टा बिनटॅक्सचा आणि 1 किलोचं पाकीट टॅक्सचं. नियम आल्यावर काही ठिकाणी गिरणीवाल्यांनी तांदळाची 26 किलोची पोती काढली होती ती ह्याच कारणानं, एक किलो जास्त भरायचं आणि पूर्ण पोतं टॅक्समधून सोडवायचं.

आता विचार करा 30 किलोचा कट्टा घेतं कोण. ज्याच्याकडे एकदम दीड-दोन हजार रुपये बाजूला आहेत, घरात ठेवायला कोरडी जागा आहे, टाकीत भरून वर्षभर किडा लागणार नाही अशी सोय आहे तो. आणि एक किलोचं पाकीट घेतं कोण तर रोजावर काम करणारी बाई, कॉट बेसिसवर राहणारी पोरं, पेन्शनवरचं म्हातारा-म्हातारीचं जोडपं ज्यांना दोन किलो तांदूळ महिनाभर पुरतो. साठ रुपये किलोचा तांदूळ धरला तर किलोला तीन रुपये टॅक्स होतो, तीन रुपये म्हणजे काय असं कुणाला वाटेल, पण डाळ, कणीक, रवा, पोहे सगळ्यावर तसंच आहे आणि महिन्याच्या शेवटी ज्याला शंभर रुपयांची ओढाताण असते त्याला ते कळतं. जास्त घेणाऱ्याला माफी आणि थोडं घेणाऱ्याला टॅक्स, हे कुठल्याही हिशोबात बसत नाही.

यावर लगेच उत्तर येतं की मग सुटं घ्या ना, सुट्याला टॅक्स नाहीच. जुलै 2022 मध्ये अर्थमंत्र्यांनी स्वतः चौदा वस्तूंची यादी ट्विटरवर टाकून हेच सांगितलं होतं. बरोबर आहे, पण सुटं मिळतं कुठे? शहरातल्या मोठ्या दुकानांत बघा, मोबाईलवरून दहा मिनिटांत घरी येणारं सामान बघा, सगळं पाकिटबंद. आमच्यासारख्या दुकानात सुटं अजून मिळतं पण त्याला काट्यावर माणूस लागतो, संध्याकाळी गर्दीच्या वेळी प्रत्येकाला समोर मोजून देणं होत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना मोजून पिशवीत घातलं तर टॅक्स नाही. तेच दुपारी निवांत असताना किलो-किलोची पाकिटं भरून ठेवली तर वजनमापाच्या कायद्याप्रमाणे त्यावर वजन, तारीख, भरणाऱ्याचं नाव सगळं लावावं लागतं आणि ते लावलं की 5 टक्के. धान्य तेच, हात तेच, पिशवी तीच.

मला याच्यात सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू का, लेबल लावणं ही चांगली सवय आहे. पाकिटावर भरल्याची तारीख असते, वजन असतं, परवाना नंबर असतो, उद्या त्यात खडे निघाले किंवा वजन कमी भरलं तर कुणाला धरायचं ते कळतं. सरकारचंच एक खातं सांगतं लेबल लावा आणि दुसरं खातं म्हणतं लेबल लावलंत ना मग टॅक्स भरा.

हे असं का झालं त्यालाही कारण आहे, ते सांगितलं नाही तर एकतर्फी होईल. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा टॅक्स नोंदणीकृत ब्रँडच्या धान्यावर होता, बिनब्रँडच्या धान्यावर नव्हता. मग अनेकांनी ब्रँडवरचा हक्क सोडल्याचं कागदावर दाखवलं आणि माल तसाच विकत राहिले, जे प्रामाणिकपणे भरत होते त्यांचा तोटा व्हायला लागला, म्हणून 2022 ला ब्रँडचा मुद्दा काढून पाकीट आणि लेबल हा मुद्दा धरला. पळवाट बंद करायची होती हे मान्य. पण ती बंद करताना जाळ्यात मोठ्या कंपन्यांबरोबर एक किलो घेणारं गिऱ्हाईक पण आलं.

आणि 2025 च्या बदलात हे काढता आलं असतं, कारण त्याच वेळी पाकिटातलं पनीर शून्यावर आणलं, चपाती, पराठा, खाकरा शून्यावर आणले. चांगलंच केलं. पण दही, ताक, लस्सी पाकिटातलं असेल तर अजून 5 टक्के. म्हणजे आज अशी परिस्थिती आहे की पाकिटातली तयार चपाती शून्य आणि ती चपाती ज्या कणकेची होते त्या कणकेचं पाकीट 5 टक्के. पाकिटातलं पनीर शून्य, पाकिटातलं ताक 5. जिला घरी पोळ्या लाटायला वेळ आहे किंवा दुसरा इलाजच नाही तिनं टॅक्स भरायचा आणि जो तयार आणतो त्यानं नाही. तयार आणणाऱ्यावर माझा राग नाही, नोकरी करणाऱ्या बायकांना ते लागतं, पण मग कणकेनं काय केलंय?

पराठ्याचं तर आधी आणखीनच विचित्र होतं. 2020 मध्ये कर्नाटकातल्या अॅडव्हान्स रुलिंगच्या (कुठल्या मालाला किती दर लागेल ते आधीच विचारून घ्यायची सरकारी सोय) निकालात म्हटलं होतं की पोळी-रोटी शिजलेली असते, थेट खाता येते म्हणून 5 टक्के आणि फ्रोझन पराठा परत तव्यावर गरम करावा लागतो म्हणून 18 टक्के. त्यावरून पाच वर्षं वाद चालला, आता दोन्ही शून्य. डिसेंबर 2024 मध्ये दर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीनंतर पॉपकॉर्नवर सगळा देश बोलत होता, मीठ-मसाल्याचं सुटं 5, पाकिटातलं 12, कॅरॅमलचं 18. पॉपकॉर्नवर एवढी चर्चा होते आणि कणकेच्या पाकिटावर होत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण पॉपकॉर्न न खाता राहता येतं.

अशा गोष्टी बिलं करताना सारख्या समोर येतात. डबीतलं काजळ शून्य, काजळाची पेन्सिल असेल तर टॅक्स. शाळेची वही आता शून्य पण दुकानदाराची खातेवही 18 टक्के, आणि वहीसाठी वापरायचा कागद शून्य तर तसलाच कागद दुसऱ्या कामाला घेतला की 18. वहीचं कारण समजतं, तयार मालाला शून्य केलं की कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेला टॅक्स परत मिळत नाही, मग तो किमतीत घुसतो, म्हणून कागदही शून्य करावा लागला. पण एकच कागद कोण कशाला घेतोय ते कागदवाल्यानं कसं ठरवायचं? खोबरेल तेल खाण्याचं की डोक्याला लावायचं यावर खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 2018 ला दोन न्यायाधीशांची दोन मतं झाली, शेवटी 18 डिसेंबर 2024 ला तीन न्यायाधीशांनी सांगितलं की बाटली छोटी आहे म्हणून ते आपोआप केसांचं तेल होत नाही. त्यानंतर वर्षभरात केसांच्या तेलाचा दर पण 5 केला आणि त्या भांडणाला अर्थच उरला नाही. म्हणजे दर सारखा केला की वाद आपोआप संपतो, हे सरकारनंच दाखवून दिलंय, ते इथे पण करावं एवढंच म्हणणं आहे.

कपड्याचा एक मुद्दा आमच्या धंद्यातला नाही पण सांगते. शिवलेला कपडा नगाला 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के, त्याच्यावर 18. म्हणजे 2500 चा ड्रेस 2625 ला पडतो आणि 2501 चा ड्रेस 2951 ला. किंमत एक रुपयानं वाढली आणि बिल सव्वातीनशेनं. साडी मात्र कापडात धरतात म्हणून कितीही भारी असली तरी 5 टक्के. लग्नाला साडी घेणारीनं खूश व्हावं, पण ऑफिसला जाणारीला थंडीचा एक बरा कोट घ्यायचा झाला तर तिनं 18 का भरायचे?

साबणाचं तर मला अजिबात पटत नाही. अंगाच्या साबणाची वडी 5 टक्के आणि कपड्याचा साबण, धुण्याची पावडर 18 टक्के. कपडे न धुता कुणाचं घर चालतं? शेतावर, बांधकामावर, गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांच्या घरात धुण्याची पावडर अंगाच्या साबणापेक्षा जास्त लागते हे आमच्या दुकानातलं कुणीही गिऱ्हाईक सांगेल. सोन्यावर 3 टक्के आहे. पैलू पाडलेल्या हिऱ्यावर दीड टक्का. सोन्यावर जास्त लावला तर चोरटा व्यापार वाढतो असं कारण देतात, असेल खरं, पण म्हणून धुण्याच्या पावडरीवर सोन्याच्या सहापट दर लावायचा? हा दर ठरवणाऱ्या टेबलाभोवती घरचं धुणं कोण धुतं हा प्रश्न कुणी विचारला होता का.

महसुलाचं उत्तर येईल, राज्यांना पैसा लागतो, रस्ते, दवाखाने, शाळा त्यातूनच चालतात. लागतो, नक्की लागतो, आणि आम्ही वेळेवर भरतो. पण धान्याच्या छोट्या पाकिटावरचा टॅक्स हा जो कमी कमावतो त्याच्या कमाईतला जास्त हिस्सा खातो, कारण त्याचा निम्मा पगार खाण्यावरच जातो. आणि सगळंच माफ करा असं मी म्हणतच नाही. निदान 5 किलोपर्यंतच्या तांदूळ, गहू, कणीक, डाळ, रवा, बेसन, पोहे, गूळ यांच्या पाकिटांना शून्य करा, दही-ताकाच्या पिशवीला पनीरसारखंच शून्य करा आणि धुण्याच्या साबणाला अंगाच्या साबणाबरोबर 5 मध्ये आणा. ब्रँडची पळवाट परत उघडेल अशी भीती असेल तर ती उघडत नाही, कारण इथे ब्रँड बघायचाच नाही, फक्त वजन बघायचं, आणि वजन पाकिटावर छापलेलंच असतं.

हे दिल्लीत ठरतं म्हणून आपल्या हातात नाही असं पण नाही. जीएसटी परिषदेत मतांचा एक तृतीयांश भार केंद्राचा आणि दोन तृतीयांश राज्यांचा असतो, ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे राज्यांनी साथ दिल्याशिवाय केंद्राला एकट्यानं काही करता येत नाही. महाराष्ट्राचा प्रतिनिधी तिथे बसतो. त्यांनी आतापर्यंत पाकिटातल्या धान्याबद्दल तिथे काय भूमिका घेतली आणि पुढच्या बैठकीत हा विषय मांडणार आहेत का, एवढं आपल्या वार्ताहरांनी राज्याच्या अर्थ खात्याला विचारावं आणि जे उत्तर मिळेल ते छापावं ही विनंती. दर बदलतील तेव्हा स्वस्त-महागच्या यादीत सुटं किती, पाकिटातलं किती आणि किती किलोच्या वर किती हे पण वेगळं द्या, कारण गिऱ्हाईक ती यादी घेऊन आमच्याकडे येतं आणि दर वेगळा लागला की त्याला वाटतं दुकानदारच फसवतोय.

कळावे,
एक किराणा दुकानदार, कराड
(नाव छापू नये ही विनंती)