मोटार कडीला हवी, दाराला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे मांजरासाठी आपोआप उघडणारे दार बरेचदा पाहायला मिळते. प्लायवूडची फळी, ती वर-खाली करणारी लहान मोटार, त्या मोटारीला हुकूम देणारा आर्डुइनो हा छोटा संगणकीय बोर्ड आणि गळ्यातला टॅग ओळखणारा रीडर एवढ्या सामग्रीवर ते उभे राहते, आणि काही हौशी मंडळींनी ते स्वतःच्या घरीही बसवले आहे. या खटपटीचे मला कौतुकच आहे. मात्र मांजर कसे ओळखले जाते हे तन्मयतेने समजावणाऱ्या विद्यार्थ्याला, फळी खाली येत असताना ते उंबऱ्यातच थांबले तर काय होईल, असे विचारले की ‘सर, तिथे सेन्सर आहे’ एवढ्यावर विषय संपतो.

खरा प्रश्न जोराचा आहे. या छंदात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमजी ९९६ आर या सर्व्हो मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ९ किलो-सेंटीमीटर असतो. दोन सेंटीमीटरच्या दांडीच्या टोकाला ती साडेचार किलोचा दाब देते, म्हणजे धडधाकट मांजराच्या वजनाइतका, आणि तोही प्लायवूडच्या धारदार कडेतून शेपटीवर किंवा पंजावर. फळी आट्यांच्या दांड्यावर, म्हणजे लांब स्क्रूवर, चालवली तर हा दाब कित्येक पटींनी वाढतो. शिवाय असा दांडा सहसा हाताने उलटा ढकलला जात नाही. त्यामुळे प्राणी अडकलेला असताना वीज गेली, तर फळी जिथे आहे तिथेच घट्ट राहते आणि घरच्या माणसालाही ती पटकन उचलता येत नाही. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात हा धोका कागदावरचा नव्हे.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, शक्य असेल तिथे मोटारीने दार हलवूच नये. वरून बिजागरीवर लोंबणारी हलकी झडप प्राण्याने स्वतःच्या डोक्याने ढकलावी, आणि मोटारीने अथवा विद्युतचुंबकाने फक्त तिची कडी सोडावी-लावावी. टॅग ओळखण्याची सगळी गंमत त्यातही शाबूत राहते. कडी मात्र अशी हवी, की वीज गेल्यावर ती सुटलेली राहील. अशा वेळी एखादा भटका बोका आत शिरून दुधाच्या पातेल्यात तोंड घालील, हे खरे. पण ते नुकसान निस्तरता येते.

सरकते दारच हवे असेल, तर ते बारीक दोरीने वर ओढावे. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही; त्यामुळे खाली येताना प्राण्यावर मोटारीचा जोर न येता फार तर फळीचे वजन येते आणि तेही दुसऱ्या टोकाला वजन बांधून पाव किलोच्या आत आणता येते. दोरी मात्र सावकाश सोडली गेली पाहिजे, आणि खालच्या कडेला मऊ रबर हवेच.

सेन्सरबाबतही थोडे सांगायला हवे. अंगावरून परतणारा अवरक्त प्रकाश मोजणारे स्वस्त सेन्सर काळ्या केसांवर फसतात, कारण तो प्रकाश केसांत शोषला जातो आणि काळे मांजर यंत्राच्या लेखी नसतेच. त्याऐवजी चौकटीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणारा किरण वापरावा, आणि तो खंडित असेपर्यंत दार खाली येऊ नये. वायर तुटली तरी यंत्राला ‘कोणीतरी आहे’ असेच वाटते, हा यातला मोठा गुण आहे. एक किरण पोटाच्या उंचीवर व दुसरा जमिनीलगत असावा, आणि किरण मोकळा झाल्यावरही दोन-तीन सेकंद थांबावे, कारण शेपूट नेहमी मागून येते. अर्धे अंग आत आणि अर्धे बाहेर ठेवून विचार करत बसणे हा तर मांजराचा जन्मसिद्ध हक्कच आहे.

केवळ सेन्सरवर विसंबू नये, हे दुसरीकडे फार महागात पडून कळलेले आहे. अमेरिकेत मोटारीवर चालणाऱ्या गॅरेजच्या दारांखाली सापडून मुले दगावली, तेव्हा १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना दोन वेगवेगळ्या सोयी सक्तीच्या झाल्या. दार अडथळ्याला टेकल्यावर दोन सेकंदांत उलट फिरले पाहिजे, आणि त्याखेरीज प्रकाशकिरण किंवा स्पर्श ओळखणारी कड हवी. दार अडून मोटारीचा विद्युतप्रवाह एकाएकी वाढला की तिला उलट फिरवणे आपल्या छोट्या दारातही अवघड नाही.

टॅगसाठी पट्टा बांधायचा तर तो ताण पडताच सुटणारा असावा. ॲडॉप्टर घराच्या आत ठेवून दाराकडे १२ व्होल्टपेक्षा जास्त दाबाची वायर नेऊ नये आणि तीही नळीतून न्यावी, कारण पिल्ले चावतात आणि पावसाळ्यात मुंग्या व पाली डब्यात घर करतात.

प्रदर्शनांच्या परीक्षकांना माझी एक विनंती आहे. गुण देण्यापूर्वी फळीखाली स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवून दाब मोजावा, मग शेपटीच्या जागी एक कोवळे पडवळ आडवे धरावे, आणि दार निम्म्यावर आले असताना प्लग काढून पाहावा.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता, सातारा