मेक्सिको म्हणजे नुसती मोठी टोपी नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मेक्सिकोवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत पण वाचून असं वाटतं की तिथे सगळे एकजात स्पॅनिश बोलणारे, मोठ्या टोप्या घालून गिटार वाजवणारेच लोक राहतात. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं पुएब्ला शहरात काढलीत, म्हणून राहवलं नाही, लिहितोय.

आमच्या मेसमध्ये एक मावशी मक्याच्या तोर्तिया करायच्या, आपल्या भाकरीसारख्या हातावर थापून, थप थप आवाज पार बाहेरपर्यंत यायचा. पण आईचा फोन आला की कोपऱ्यात जाऊन एकदम हळू बोलायच्या. मला वाटायचं काहीतरी घरगुती असेल. नंतर कळलं की त्या नाहुआत्ल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची एक भाषा, बोलतात, आणि लहानपणी शाळेत ती भाषा तोंडातून निघाली की मार बसायचा, त्यामुळे पन्नाशीतही चारचौघांत बोलायची लाज वाटते. ज्या भाषेतून जगाला टोमॅटो शब्द मिळाला, आपल्या चिकूचं नावसुद्धा मूळ तिथलंच, तिची ही गत! २००३ च्या कायद्याने सगळ्या मूळ भाषा स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा झाल्या, सरकारी यादीत त्या ६८ आहेत, पण मावशींचा आवाज काही वाढला नाही.

पुएब्लाजवळच चिपिलो नावाचं गाव आहे, १८८२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो भागातून आलेल्या लोकांनी वसवलेलं, दूधदुभत्याचा धंदा, आणि तिथली म्हातारी माणसं अजून आपसात व्हेनेशियन बोलतात. शहरात टाको आराबेस मिळतात, उभ्या सळईवर भाजलेलं मांस मैद्याच्या रोटीत, ते मध्यपूर्वेतून आलेल्या लोकांचं. आणि सतराव्या शतकात हिंदुस्थानातून गुलाम म्हणून नेलेली कातारिना दे सान हुआन याच शहरात राहिली, १६८८ मध्ये इथेच वारली, लोक तिला संत मानायचे, हे तर आपल्याकडे कुणाला माहीतच नाही.

आफ्रिकी वंशाच्या लोकांचं तर विचारूच नका. स्पॅनिश काळापासून ते तिथे राहतात, पण जनगणनेत त्यांना स्वतंत्र रकाना मिळाला थेट २०२० मध्ये, आणि २५ लाखांच्या वर लोकांनी स्वतःची तशी नोंद केली.

पुढच्या पुरवणीत यावर अर्धं पान तरी द्या. आणि फोटो छापायचाच तर टोपीवाल्यांच्या जोडीला तोर्तिया थापणाऱ्या बाईचाही छापा, आणि ती घरी कुठली भाषा बोलते तेही खाली लिहा.

आपला एक वाचक, चिंचवड