दिवाळीच्या सफाईआधी जुन्या वह्या उघडून पाहा

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

दिवाळी जवळ आली की बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांचे माळे रिकामे होतात. दांडिया बाजार, रावपुरा भागातली मोडी लिपीतली दफ्तरे पस्तीवाला किलोवर घेऊन जातो. ते थांबावे म्हणून हे पत्र.

आमच्याकडची एक वही नातीच्या हट्टामुळे वाचली. माझे आजेसासरे गायकवाडीत नोकरीला, डभोईच्या कचेरीत कारकून. वहीत बहुतेक घरखर्चच: तूप, धोबी, गावी पाठवलेली मनिऑर्डर. पण अधूनमधून एक ओळ येते, 'पेटी आली', आणि काही महिन्यांनी 'पेटी परत केली'. कसली पेटी, असे नातीने विचारले. घरातल्या थोरामोठ्यांना कोणालाच सांगता येईना.

उत्तर आपल्या शहराच्या इतिहासातच होते. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेला माणूस पुस्तकांअभावी पुन्हा निरक्षर होऊ नये, म्हणून 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. मध्यवर्ती ग्रंथालय त्यातूनच आले. जिथे वाचनालय नव्हते, तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जायची, वाचून झाली की पेटी परत यायची. हे फिरते ग्रंथालय मी शाळेत शिकले होते. ते आमच्या घरापर्यंत आले असेल, हे कधी मनात आले नव्हते.

एका नोंदीखाली बारीक अक्षरात 'घरी वाचावयास दिले' असे लिहून पुढे आजेसासूबाईंचे नाव आहे. त्या आम्हाला ठाऊक होत्या त्या सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आणि लोणची घालणाऱ्या म्हणून. त्या वाचत होत्या, ही गोष्ट चार पिढ्यांत कोणी कोणाला सांगितली नव्हती. लक्ष्मी विलास पॅलेस मी लहानपणापासून पाहते आहे, त्याचा अभिमानही आहे, पण महाराजांच्या राज्याशी आमचे नाते मला त्या एका ओळीने कळले.

अशा वस्तू पुष्कळ घरांत आहेत. कित्येकांच्या देवघरात लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया असतो. त्यावर महाराजांचा मुखवटा आणि मागे 'एक रुपया' असे असेल, तर तो बडोदे सरकारचा आहे. त्यावरचे साल विक्रम संवताचे, साधारण सत्तावन्न वजा केले की इसवी सन मिळते. संवत 1951 म्हणजे 1894 च्या सुमाराचा. तो घरात कोणाच्या हाताने आला, पगारात की आहेरात, हे सांगणारे माणूस आहे तोवर विचारून घ्यावे. आणि कृपा करून तो चिंचेने घासू नये, अक्षरे झिजतात.

कागदांचेही तसेच. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावे. वस्तूबरोबर एक चिठ्ठी असावी: कोणाची, कुठली, कोणी सांगितले. चिठ्ठी नसली की दोन पिढ्यांनी ती नुसती जुनी वस्तू उरते.

आपल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या घरातल्या अशा एकेका वस्तूसाठी थोडी जागा द्यावी, ही विनंती. फोटो आणि पाच-सहा ओळी पुरेत. एखाद्याला न लागलेली ओळ दुसऱ्याला लागेल. आमच्या वहीत 'बाईंचे वर्गास चार आणे' अशी एक नोंद आहे, ती आम्हाला अजून उलगडलेली नाही. माझ्या ओळखीतले मोडी वाचणारे सगळे वयाने खूप थकलेले आहेत, तेव्हा हे सदर पुढच्या वर्षावर न टाकता या सफाईच्या आधीच सुरू व्हावे.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा