मांडणशिल्पे बघायला बुधवारी जा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईत नऊ दिवसांचा काळा घोडा कला महोत्सव भरला की वर्तमानपत्रांत रंगीत फोटो झळकतात आणि लगेच येणाऱ्या शनिवार-रविवारी के. दुभाष मार्गावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. फोटोखाली रस्त्यावर तात्पुरत्या उभ्या केलेल्या मांडणशिल्पाचे (इन्स्टॉलेशनचे) नाव असते, कधी कलाकाराचेही. पण ते कोणत्या वेळी बघावे, हात लावायचा आहे की नाही, आतला दिवा किती वाजता लागतो, हे छापलेले सापडत नाही. नऊ दिवसांनी टेम्पोत चढणाऱ्या वस्तूबद्दल वाचकाला एवढेच तर हवे असते.

सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे वार. महोत्सव बहुधा शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपतो. वाहता रस्ता फार आधी अडवून ठेवता येत नसल्याने मोठ्या चौकटी महोत्सवाआधीच्या एक-दोन रात्रींत उभ्या राहतात. त्यामुळे पहिल्या दिवशी कुठे रंग ओला असतो, कुठे वायरिंग चालू असते. शेवटच्या रविवारी काम पूर्ण असते, पण शिल्प थकलेले असते. खांद्याच्या उंचीपर्यंतचा रंग गेलेला, टोकाचे तुकडे गायब. मधल्या मंगळवार-बुधवारी सकाळी गेलात तर शिल्प धड असते आणि भोवती फिरायला जागाही मिळते.

हँडल फिरवले की पंख हलतात किंवा चक्र फिरते, अशा शिल्पाचे बघा. त्यात आधी मोडतात ते पंख नव्हेत. हँडल दांड्यावर एका बारीक ग्रब स्क्रूने (डोके नसलेल्या स्क्रूने) आवळलेले असते, तो ढिला होतो. एक जण उजवीकडे फिरवतो, पुढचा डावीकडे, तिसरा झटका देतो. स्क्रूचे टोक दांड्यावर घासून खाच पाडते आणि हँडल नुसतेच गरगरते. लोक म्हणतात, ‘बंद पडलंय.’ उपाय स्वस्त आहे: स्क्रूऐवजी दांड्यातून आरपार भोक पाडून पिन घालायची, आणि बाण रंगवून शेजारी ‘इकडेच फिरवा’ असे मराठीत लिहायचे. बाण नसला की लोक दोन्हीकडे फिरवणारच, त्यात त्यांचा दोष नाही.

दुसरी अडचण वाऱ्याची, आणि ती बघणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. रस्त्याखाली केबल आणि पाइप असल्याने खड्डा घेता येत नाही. सगळे काही वजनावर उभे असते. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच असा सपाट पडदा पायांवर उभा केला आणि ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून आला, तर त्यावर सुमारे ४५ किलोंचा जोर येतो. पडद्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर आणि बैठक पुढून मागे एक मीटर धरली, तर नुसते उलटू नये म्हणून १३५ किलो लागतात. दीडपट सुरक्षितता धरून चौकटीसकट २०० किलो. म्हणजे चौकटीचे वजन जमेस धरले नाही तर २५ किलोंची आठ पोती. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे मात्र पोती मोजताना विसरले जाते. फ्लेक्सला दोन-चार चिरा पाडून फारसा फरक पडत नाही. वारा आरपार जाऊ द्यायचा तर जाळीचेच कापड हवे. पोत्यांऐवजी २०० लिटरचे पाण्याचे पिंप सोयीचे, कारण रिकामे आणता येते, रिकामे नेता येते. फक्त रोज सकाळी पातळी बघावी लागते, कारण गळके पिंप म्हणजे नाहीसे झालेले वजन.

बघणाऱ्याने यातले काय लक्षात ठेवावे? दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो तेव्हा उंच, सपाट पडद्याला खेटून उभे राहू नये आणि बैठकीच्या प्लायवर मुलांना चढवू नये. ते बाक नसते. आत पोती असतात आणि वरचा प्लाय अनेकदा जेमतेम सहा मिलिमीटरचा असतो.

आता बघण्याविषयी. आधी पंधरा-वीस पावले लांबून पूर्ण आकार बघा, मग एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. प्रदक्षिणा कशी घालायची हे आपल्याला शिकवावे लागत नाही, तरी इथे सगळे समोरच्या बाजूला फोटोची रांग लावतात! मागची बाजू जरूर बघा. जोड कसा दिला, वजन कुठे ठेवले, कलाकाराने पाठ मोकळी सोडली की तिचाही विचार केला, हे तिथेच कळते. त्यानंतर पाटी वाचा आणि पुन्हा एकदा लांब जा. एका शिल्पाला दहा मिनिटे दिली तर दोन तासांत दहा-बारा होतात. तेवढी पुरेत.

आत दिवे असलेल्या कामांसाठी वेळ वेगळी. त्या दिवसांत मुंबईत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. सव्वासहाला पोचा. मावळल्यानंतरच्या वीस मिनिटांत आकारही दिसतो आणि उजेडही. त्यानंतर नुसते दिवे उरतात. दिव्यांची अर्धी पट्टीच पेटली असेल तर ती कलाकाराची कल्पना समजू नका, बहुधा जोड सुटलेला असतो किंवा दिव्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस तापून बंद पडलेला असतो. स्वयंसेवकाला सांगा. उघडी वायर दिसली तर हात न लावता लगेच सांगा.

जाताना गाडी नेऊ नका, कारण मांडणी वाहनतळाच्या आणि रस्त्याच्या जागेतच असते. चर्चगेटहून चालत पंधरा मिनिटे, सीएसएमटीहून थोडे जास्त. मेट्रो ३ ने हुतात्मा चौक स्थानक त्याहून जवळ पडते.

व्हीलचेअर वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते. दोन शिल्पांमध्ये, तसेच शिल्प आणि दोरी यांच्यामध्ये तेवढे अंतर आखणीतच धरले तर जमते; गर्दी झाल्यावर सरकवू म्हटले की २०० किलोंची पोती कोण हलवणार?

या जागेची एक गंमत सांगतो. ज्या घोड्यावरून चौकाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा कायमचा म्हणून बसवला होता. तो १९६५ मध्ये हलवला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. नाव राहिले. आजचा स्वाराविना उभा असलेला घोडा २०१७ चा. १९९९ मध्ये महोत्सव सुरू झाल्यापासून तिथे थोड्या दिवसांची शिल्पे येऊन जात आहेत, तेव्हा तात्पुरतेपणाचे वावडे त्या चौकाला नाहीच.

आयोजक कोणीही असोत, शहरातल्या अशा प्रत्येक मांडणीजवळ एक मराठी पाटी हवी. उंची सव्वा मीटर, अक्षर दोन पावलांवरून वाचता येईल एवढे. तिच्यावर साहित्य काय वापरले, हात लावावा की नाही, दिवे कधी लागतात आणि दहाव्या दिवशी हे कुठे जाणार, एवढ्या चार ओळी. संकल्पनेचा दीड पानी उतारा नंतर लावा, हवा तर मागच्या बाजूला.

आणि आपणांस विनंती अशी की पहिल्या शनिवारी फोटोंचे पान जरूर काढावे, पण सोमवारच्या अंकात अर्धा कॉलम नकाशा, दिवे लागण्याच्या वेळा आणि बंद पडलेल्या कामांची यादी यांसाठी ठेवावा. मंगळवारी कोणत्या शिल्पाचे हँडल दुरुस्त झाले, हीदेखील बातमीच आहे. ती वाचून बुधवारी जाता येईल.

कळावे,
आपला,
फॅब्रिकेशनच्या कामातला एक वाचक, भायखळा