बुधवार पेठेतल्या काकांना, माझ्या लेकीकडे मीटर फिरवल्याबद्दल

काका, नमस्कार.

तुमच्याकडून निघताना मी नुसतं थँक्यू म्हणाले आणि रिक्षात बसले. तेव्हा नीट बोलताच आलं नाही म्हणून आता लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही एवढं त्या थोड्याशा ओळखीतही कळलंय. पण पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या मागच्या बाजूला जिन्याखाली ज्यांचं एवढंसं दुकान आहे, जिथे गिऱ्हाईक आलं की आधीच्याला बाहेर उभं राहावं लागतं, त्या काकांना कुणी ओळखत असेल तर हे प्लीज वाचून दाखवा.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या मुलीला तिच्या आजी-आजोबांनी हॉवरबोर्ड, म्हणजे उभं राहून चालवायचा बॅटरीवरचा दोनचाकी बोर्ड, घेऊन दिला होता. वॉरंटीतच चार्जर गेला, ज्यांच्याकडून घेतला त्यांनी दुसरा पाठवला, पिन बरोब्बर बसली, आम्ही खूश. पण त्या नव्या चार्जरवर लाईट लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, परत लाल, परत हिरवा, आणि बोर्डाची बॅटरीकडची बाजू हाताला गरम लागायची. एकदा प्लास्टिक तापल्यासारखा वास आला आणि मी प्लग खेचूनच काढला. त्यानंतर सुरू झाली फोनाफोनी. कस्टमर केअरवाले म्हणाले मॅडम नॉर्मल आहे, मग म्हणाले व्हिडिओ पाठवा, व्हिडिओ पाठवला तर तक्रार सोडवली म्हणून मेसेज आला आणि पुढे कुणी फोनच घेईना. त्यांच्याच सांगण्यावरून ज्या सर्व्हिस सेंटरला गेले तिथल्या मुलाने बोर्ड उघडलासुद्धा नाही, मुलं आदळतात हो मॅडम, एवढं बोलून परत दिला. आणि आमच्याच भागातल्या एका रिपेरिंगवाल्याने जे सांगितलं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. तो म्हणाला आत एक सर्किट असतं, ते सारखं कट मारतंय, ते काढून डायरेक्ट करून देतो, ८०० रुपये होतील. मी विचारलं डायरेक्ट म्हणजे काय, तर म्हणे ते तुम्हाला नाही कळणार, मिस्टरांना पाठवा.

हे सगळं माझी लेक शेजारी उभी राहून ऐकत होती, बोर्ड तिचा होता आणि एकाही माणसाने तिला एक अक्षर विचारलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत काका. म्हणजे तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघून म्हणालात, बाळ, काय होतंय ते तू सांग, तू चालवतेस ना. आणि ती बोलायला लागली तशी बोलतच सुटली, कुठल्या बाजूला गरम होतं, लाईट किती वेळाने बदलतो, चढावर कुठे बीप वाजतो, सगळं. मी आई असून मला यातलं निम्मं माहीत नव्हतं, कारण ती मला सांगायला आली की मी कुठल्यातरी कस्टमर केअरच्या म्युझिकवर अडकलेली असायचे. तुम्ही मधे एकदाही तोडलं नाहीत तिला. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, एक तर चांगला वैतागला होता, त्याला तुम्ही हातानेच थांब म्हणालात.

मग तुम्ही चार्जर हातात घेतलात, उलटा केलात, त्याच्यावर इनपुट छापलेलं आणि आउटपुटच्या, म्हणजे बाहेर किती व्होल्ट देतो त्याच्या, जागी काहीच नाही हे तिला दाखवलंत. पिन व्होल्ट मोजायच्या मीटरला लावलीत. आणि मग ती गोष्ट केलीत जिच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलेय. मीटरवरचा आकडा तुम्ही स्वतः वाचला नाहीत, मीटर अख्खं तिच्याकडे फिरवलंत आणि म्हणालात, वाच.

ती म्हणाली चोपन्न पॉइंट सहा.

तुम्ही म्हणालात, तुझ्या बोर्डात सेलच्या १० जोड्या आहेत एकामागे एक, प्रत्येक जोडीला जास्तीत जास्त ४.२ व्होल्ट, सांग बरं एकूण किती पाहिजेत. तिने बोटंही न मोडता सांगितलं बेचाळीस. मग तुम्ही काही बोललाच नाहीत. तीच मीटरकडे बघत बसली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, आई, हा आपला चार्जरच नाहीये.

काका, इतक्या लोकांकडे जाऊन जे कळलं नव्हतं ते माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने स्वतः शोधून काढलं असं तिला वाटलं, आणि ते तसं वाटू देणारे तुम्ही होतात. दोन सेकंदात तुम्हाला कळलेलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. सांगून मोकळे झाला असतात तरी आम्ही पाया पडलो असतो. पण तुम्ही थांबलात. घरी जाताना रिक्षात ती पुटपुटत होती, ५४.६ भागिले ४.२, तेरा, म्हणजे तो १३ जोड्यांवाल्या बॅटरीचा चार्जर होता, आणि तुम्ही बोलला होतात तेच निघालं, ४८ व्होल्टच्या (हा नावाचा आकडा, पूर्ण भरल्यावर ५४.६) स्कूटरचा चार्जर, पिन तेवढी सारखी.

आणि तो लाल-हिरवा खेळ, जो सगळ्यांना बिघाड वाटत होता, तो तर आम्हाला वाचवत होता! तुम्ही सांगितलंत की बॅटरीवर जे बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, बसवलेलं असतं ते जास्त व्होल्टेज आलं की चार्जिंग तोडतं, थोडं उतरलं की परत जोडतं, म्हणून लाईट तसा होत होता. तुमचं वाक्य मला पाठ झालंय, ताई, चोराला बघून वॉचमन ओरडतोय आणि तो माणूस म्हणतो आवाजाचा त्रास होतो तर वॉचमनला काढा. ते सर्किट काढलं असतं तर तो चार्जर त्या सेलमध्ये भरतच राहिला असता. ८०० रुपये घेऊन आमच्या घरात काय ठेवून देणार होता तो माणूस, आणि वर म्हणतो मिस्टरांना पाठवा. त्याचा मला जितका राग आहे तितकाच त्या कस्टमर केअरचाही आहे, कारण चुकीचा चार्जर त्यांनी पाठवला आणि नॉर्मल आहे असंही त्यांनीच सांगितलं.

घरी आल्यावर मी वाचत बसले, झोप लागणं शक्यच नव्हतं. २०१५ च्या शेवटी हे बोर्ड सगळीकडे विकले जायला लागले आणि लगेच पेटायलाही लागले, विमान कंपन्यांनी ते न्यायला बंदी घातली. अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये पाच लाखांवर बोर्ड परत मागवले. त्याच वर्षी यूएल या अमेरिकन सुरक्षा-तपासणी संस्थेचं यूएल २२७२ नावाचं मानक आलं, त्यात नुसती बॅटरी तपासत नाहीत, बोर्ड, बॅटरी, चार्जर आणि आतलं सर्किट हे सगळं एकत्र जोडून तपासतात. तुम्ही बोर्ड उलटा करून खाली जो शिक्का शोधत होतात तो हाच, हे मला तेव्हा समजलं. आणि चार्जरही त्याच तपासणीचा भाग आहे म्हटल्यावर नुसती पिन बसते म्हणून कुठलाही चार्जर पाठवून देणारे लोक नक्की काय करत असतात हेही समजलं. मार्च २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गला चार्जिंगला लावलेल्या हॉवरबोर्डवरून घराला आग लागली आणि तीन वर्षांची मुलगी गेली. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि लेकीच्या खोलीत जाऊन झोपले.

तुम्ही घाबरवलं नाहीत हेही मला सांगायचंय. नावाला ३६ व्होल्ट (पूर्ण भरल्यावर ४२), ४.४ अँपिअर-अवर म्हणजे जवळजवळ १५८ वॉट-अवर, आपल्या मोठ्या बॅटरीवाल्या आठ फोनांइतका माल एका डब्यात आहे, तर त्याला तेवढा मान द्यायचा, असं सरळ सांगितलंत. मग विचारलंत चार्जिंगला कुठे लावता. मी म्हटलं मेन दाराजवळ, चपलांच्या स्टँडशेजारी, आमच्या सोसायटीत सगळेच तिथे लावतात, तिथे प्लग असतो. तुम्ही क्षणभर गप्प झालात आणि म्हणालात, ताई, तिथे काही झालं तर तुम्ही बाहेर कुठून पडणार? फ्लॅटला दार एकच असतं.

मला खरंच वाटतं की पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या लिफ्टमध्ये हे वाक्य चिकटवलं पाहिजे.

आता आमच्याकडे सगळं तुम्ही म्हणालात तसं चालतं, आणि माझ्यापेक्षा लेकच जास्त कडक आहे. चालवून आणला की बोर्ड आधी गार होऊ द्यायचा मग चार्जिंग. उघड्या फरशीवर, गादी सोफा पडदे काही जवळ नाही, बाल्कनीतल्या उन्हातही नाही कारण ४५ डिग्रीच्या वर या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात आणि एप्रिल-मे मधे आपल्याकडे उन्हात ठेवलेली वस्तू कुठल्या कुठे जाते. प्लग थेट भिंतीत, एक्स्टेंशनवर नाही. घरात कुणीतरी जागं असतानाच, रात्रभर कधीच नाही, हिरवा झाला की काढायचा. पार्किंगमध्ये पावसाचं पाणी साचलं असेल तर बोर्ड खाली न्यायचाच नाही. परीक्षेच्या दिवसांत किंवा गावाला जाताना फुल चार्ज करून किंवा पार उतरवून ठेवायचा नाही, साधारण निम्मा ठेवायचा आणि मधून मधून बघायचा, कारण नुसता पडून असला तरी आतलं सर्किट थोडं थोडं खात असतं आणि फार उतरलेली लिथियम बॅटरी परत चार्ज करणं धोक्याचं असतं. हे शेवटचं तर मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, बोर्डाबरोबरच्या कागदातसुद्धा नव्हतं, त्यात रंगीत फोटोच जास्त होते.

बॅटरीचं तुम्ही पुढे काय काय केलंत ते मला नीट सांगता येणार नाही. एवढं कळलं की ती आम्हाला घरी नेऊ दिली नाहीत, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवलीत, काही दिवस रोज मोजलीत आणि मग फोन केलात की एक जोडी बाकीच्यांपेक्षा लवकर उतरतेय, हिच्यावर माझा भरवसा नाही. मी म्हटलं तेवढी एकच जोडी बदलता येईल का, तर म्हणालात नवीन जुनं एकत्र घालत नाही, पोराबाळांच्या वस्तूत तर नाहीच. दुसरा कुणी असता तर बदलून दिली असती आणि पैसेही घेतले असते, मला कळलंही नसतं. नवीन बॅटरी आणि चार्जर दोन्ही आणून दिलेत, बिलासकट, आणि चार्जर लेकीच्या हातात देऊन परत म्हणालात, घरी न्यायच्या आधी मोज. तिने मोजला. ४२ आला. ती ज्या तोऱ्यात बरोबर आहे म्हणाली ना काका, तो तोरा मला फार दिवसांनी दिसला.

जुनी बॅटरीही तुम्हीच ई-कचऱ्यात दिलीत. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बाजारात आणणाऱ्या कंपनीची आहे, पण ज्यांनी विकली ते फोन घेत नाहीत आणि तुम्ही, ज्यांचा त्या बोर्डाशी काही संबंध नव्हता, तुम्ही ती कचऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून स्वतः घेऊन गेलात.

पैशांचं लिहिलं तर तुम्ही रागवाल पण लिहिते. माल ज्या किमतीचा तेवढेच घेतलेत. मोजल्याचे, ठेवल्याचे, रोज तपासल्याचे किती असं मी विचारलं तर म्हणालात, पोरीने मदत केली, तिच्याकडून कसले घेऊ. अशी माणसं अजून आहेत, आणि ती मोठ्या काचेच्या शोरूममध्येच भेटतात असं काही नाही, एवढंच मला या सगळ्यातून वाटत राहिलं. आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला कमी न लेखता समजावून सांगणं, समोर बाई असो की लहान मुलगी, याला फार काही खर्च येत नाही, तरी ते इतकं कमी का मिळतं हे मला कळत नाही. तुमच्याकडे मिळालं. लेक आता मीटर मागतेय, तिच्या बाबांनी कबूल केलंय, कुठलं घ्यायचं ते तुम्हालाच विचारायला येणार आहेत.

आणि एक. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून तीन घरांत हॉवरबोर्ड आहेत. लेकीने सगळ्यांचे चार्जर उलटे करून बघितले, त्यातल्या एकावर आमच्यासारखंच आउटपुट छापलेलं नाही. त्या मुलाला घेऊन त्याची आई शनिवारी दुपारी तुमच्याकडे येतेय, पत्ता मी दिलाय. तपासून द्याल ना? आणि तिच्याकडून मोजल्याचे पैसे घ्या काका, मी तिला आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
कोथरूडहून, त्या मुलीची आई