पडद्याच्या अलीकडची पोरं

चि. पोरीस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तू व्हायोलिन वाजवतेस त्या ऑर्केस्ट्राच्या पत्रकासाठी तुला सगळ्यांच्या पुढे उभं करून फोटो काढला, हे ऐकून ती एवढंच म्हणाली, ‘‘थंडीत स्वेटर घातला होता ना?’’

तुझा राग मला कळला. वाजवायला शेवटच्या रांगेत आणि फोटोला पहिल्या, हे कोणालाही खटकेल. आता वरून तेच लोक म्हणून राहिले की आठवड्यातले दोन दिवस गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये जा, पोरांपर्यंत संगीत पोचवायचं हे ‘आउटरीच’चं काम तूच सांभाळ. तुझा रंग पाहून हे काम तुझ्या गळ्यात मारलं, असं तुला वाटते. असेलही बाप्पा.

मी वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचो, तुला माहीतच आहे. मे महिन्यात रात्री आठ वाजताही इतवारीच्या गल्ल्या तापलेल्या असायच्या. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आत घामाच्या धारा. वरात मांडवाच्या दाराशी पोचली की शेवटचं गाणं, आणि मग आम्ही रस्त्यावर. पंगती उठल्या की मागच्या दारानं जेवणाच्या पुड्या यायच्या. आपलं वाजवणं त्यांना हवं होतं, पण ओळख सुरू व्हायची ती ‘‘आडनाव काय?’’ इथूनच.

म्हणून तू पडद्याचं लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. १९५२ मध्ये बॉस्टनच्या ऑर्केस्ट्रानं वादक निवडताना परीक्षक आणि वाजवणारा यांच्यामध्ये पडदा टाकला, कोण वाजवते ते दिसूच नये म्हणून. तरी टाचांच्या आवाजावरून बाई आहे हे कळायचं, म्हणून बूट काढून यायला लावायचे, खाली गालिचा घालायचे. मला तर हसूच आलं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या पाच मोठ्या ऑर्केस्ट्रांत शंभरात पाचही बायका नव्हत्या, पुढे त्या वाढल्या, त्यात या पडद्याचा हात होता. व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रावाल्यांना तर बायकांना रीतसर सभासद करून घ्यायला १९९७ उजाडलं.

पण तुझ्याच पत्रातला दुसरा आकडा माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिला. २०१४ मध्येही अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांत काळे वादक शंभरात दोनसुद्धा नव्हते. पडदा तर होता, मग असं काऊन? माझं उत्तर साधं आहे. बायका आधीपासून संगीताच्या शाळांत शिकत होत्या, दार उघडल्याबरोबर आत शिरायला तयार होत्या. ज्या पोराच्या हातात दहाव्या वर्षी व्हायोलिनच आलं नाही, ते विसाव्या वर्षी पडद्याशी येईल कुठून?

तुझ्या हातात ते कसं आलं, आठवून पाहा. तू चौथीत असताना शाळेत एक मंडळी आली होती. चाळीस मिनिटं वाजवलं, बिस्किटाचे पुडे वाटले, फोटो काढले आणि गेले. तू व्हायोलिनला बोट लावलं तर एका बाईनं ते वर उचलून धरलं. घरी येऊन तू जेवली नाहीस. त्यानंतर मी तुला सायकलवर बसवून इंदोऱ्याहून सदरला व्हायोलिनच्या सरांकडे नेलं. त्यांनी कपाटातून लहान पोरांचं, अर्ध्या मापाचं व्हायोलिन काढलं, गजाला राळ लावली आणि म्हणाले, ‘‘घरी घेऊन जा, पुढच्या शनिवारी परत ये.’’ मी खिशात हात घातला तर त्यांनी तो धरला. सात वर्षं शनिवार चुकला नाही, भर पावसातही नाही. पहिलं वर्षभर आपल्या घरी मांजर कण्हल्यासारखं चालायचं. शेजारच्या आजी तर देवाला जायचं निमित्त काढून बाहेर पडायच्या.

व्हेनेझुएलातल्या आब्रेऊ गुरुजींनी १९७५ मध्ये हेच केलं. काराकासच्या एका गॅरेजमध्ये मोजक्या पोरांना घेऊन सुरुवात केली, वाद्यं फुकट दिली आणि रोज वाजवायला बसवलं. तुमचा तो ऑर्केस्ट्रा चालवणारा दुदामेल त्यातूनच निघाला. आपल्याकडचं पाहायचं तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे वडील ट्रंपेट वाजवायचे. पोराला व्हायोलिन शिकवलं अँथनी गोन्साल्विस यांनी, ज्यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आणि बाबासाहेबही उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले होते, हे तुला वेगळं सांगायला नको.

तेव्हा काम घे, असंच मी म्हणीन. पण आधी ऑर्केस्ट्राच्या साहेबांशी नीट बोलून घे. दर वेळी नवी शाळा नको, तीच पोरं चार-पाच वर्षं हवी. वाद्य त्यांच्या घरी राहायला हवं, मोडलं तर मोडू दे. त्या वस्तीत काय वाजतं तेही आधी जाऊन ऐक, तिथंही कोणी बँडवाला असेलच. आणि या कामापायी तुझी खुर्ची सोडू नको. ‘‘ही शाळेतच बरी’’ म्हणून तुला तालमीतून काढायला लागले, तर तिथंच भांड. फोटोचं म्हणशील तर काढू दे. पोरींना दिसू दे की आपल्यासारखी कोणीतरी तिथं बसते.

इकडे एक झालं. तुझं ते अर्ध्या मापाचं व्हायोलिन सरांनी परत घेतलंच नव्हतं ना, ते मी समोरच्या घरातल्या नऊ वर्षांच्या पोरीला दिलं. आता रोज सायंकाळी मांजर कण्हून राहिली आणि तुझी आई कानात कापूस घालून पोळ्या लाटते. काल वरची तार तुटली. सीताबर्डीत विचारलं तर मोठ्या मापाच्या आहेत, अर्ध्याच्या नाहीत. दिवाळीला येशील तेव्हा तारांचे दोन संच घेऊन ये, तोवर ती तीन तारांवरच वाजवते म्हणाली.

तुझा
बाबा